यादी सरकारची, नाव मुलीचं

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांची २६ वर्षांची मुलगी पुण्यात नोकरी करते. पावसाळ्यात खोकला हटेना म्हणून ती घरी आली, तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा टीबी निघाला. खासगी छातीविकारतज्ज्ञांकडे औषधं सुरू झाली. आता पाचवा महिना चालू आहे, बेडक्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आहे, ती पुन्हा कामावर जाते. दरम्यान डॉक्टरांनी घरच्यांना काही न सांगता तिचं नाव टीबी रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारच्या ‘निक्षय’ पोर्टलवर नोंदवलं. काही दिवसांनी आरोग्य खात्याचा एक कर्मचारी मोटारसायकलवरून आला. घर सापडेना, तेव्हा त्यानं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, ‘‘त्या टीबीच्या पेशंट मुलीचं घर कुठलं?’’ पुढच्या पंधरवड्यात जवळपास ठरलेलं लग्न मोडलं. पत्रिका जुळत नाही, असं मुलाकडच्यांनी कळवलं. पत्रिका सुरुवातीलाच जुळली होती. वकील असलेल्या भाच्याचं म्हणणं आहे की ही नोंदणीच घटनाबाह्य आहे, जनहित याचिका करू. वडिलांना विचारायचं आहे: याचिका करावी का? डॉक्टरांवर तक्रार करावी का? पोर्टलवरून नाव काढता येईल का? आणि पुढच्या स्थळाला हे सांगायचं की नाही?

नमस्कार,

किराणा दुकानात जे झालं ते चूकच झालं. त्यात ‘पण’ लावण्यासारखं काही नाही. सरकारी काम करणाऱ्या माणसानं रुग्णाचा आजार तिऱ्हाइताला सांगू नये, हे त्याला कुणी शिकवलं नसेल तर ती त्याच्या वरिष्ठांची चूक, आणि शिकवलं असेल तर त्याची. तुमचा राग जागच्या जागी आहे. फक्त तो पसरत पसरत डॉक्टरांवर, पोर्टलवर, सरकारच्या सगळ्या टीबी कार्यक्रमावर गेला आहे, आणि तिथे मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे.

डॉक्टरांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त रागावला आहात. ‘‘पाचशे रुपयांसाठी माझ्या मुलीचं नाव विकलं,’’ असं तुम्ही लिहिलंय. पाचशेची गोष्ट खरी आहे. खासगी डॉक्टरांना टीबीचा रुग्ण कळवल्याबद्दल ५०० आणि उपचाराचा शेवट काय झाला ते कळवल्याबद्दल आणखी ५०० रुपये सरकार देतं. पण ते बक्षीस नसतं तरी त्यांना नोंद करावीच लागली असती. ७ मे २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं सक्तीचं आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं त्यात डॉक्टर आणि हॉस्पिटलांबरोबर लॅब आणि औषध दुकानदारही आले, आणि न कळवणाऱ्यांवर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या २६९ आणि २७० या कलमांखाली कारवाईची तरतूद झाली. साथ पसरवणारा निष्काळजीपणा आणि दुष्टपणा यांच्यासाठीची ती कलमं आहेत. रुग्णाचं गुपित राखण्याचं बंधन डॉक्टरांवर आहेच. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत ते लिहिलेलं आहे, आणि कळवणं सक्तीचं असलेल्या आजारांचा अपवादही त्याच नियमात आहे. तेव्हा महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद केल्याची तक्रार केलीत तर ती टिकणार नाही.

एक मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. नोंदीसाठी रुग्णाची परवानगी लागत नसेल, पण ‘‘उद्या तुम्हाला फोन येईल, कुणीतरी घरी येईल, कुठला पत्ता देऊ?’’ एवढं सांगायला काय हरकत होती? दोन मिनिटांचं काम. ते झालं असतं तर मुलीनं स्वतःचा मोबाइल नंबर दिला असता आणि तो माणूस किराणा दुकानापर्यंत पोचलाच नसता.

मुळात यादी हवी कशाला, असं तुम्ही विचारता. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे पाव एकट्या भारतात आहेत, आणि त्यातले पुष्कळ तुमच्यासारखे आधी खासगी दवाखान्यात जातात. वर्षानुवर्षं हे रुग्ण सरकारला दिसतच नव्हते. कुणी दोन महिन्यांनी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, कुणाला चुकीचा डोस मिळाला, आणि औषधांना दाद न देणारा टीबी त्यातून वाढला. नोंद झाली की औषधं लागू पडतात का याची तपासणी होते, घरातल्यांची तपासणी होते, आणि पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा पैसे येतात. एप्रिल २०१८ पासून ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. तुमच्या मुलीच्या खात्यात ते आले का, हे पत्रात नाही. आले नसतील तर विचारा, तो तिचा हक्क आहे. आणि तुम्ही दोघं नवरा-बायको तपासून घेतलं का, हेही पत्रात नाही. ते उद्याच करा. याचिकेपेक्षा ते तातडीचं आहे.

आता भाच्याचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. या हक्कात सरकारला हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि हेतूला लागेल तेवढाच हात घातला जायला हवा. यातली पहिली अट टीबीच्या बाबतीत थोडी लंगडते. टीबीसाठी संसदेनं केलेला स्वतंत्र कायदा नाही. नोंदणी चालते ती आदेश आणि अधिसूचनांवर. भाचा बहुधा हेच म्हणत असेल. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की रुग्णाचे कागद परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हाती देणं हा खासगीपणाचा भंग आहे, आणि मलेरिया-डेंगीसारखी साथ समजून घेण्यासाठी हॉस्पिटलांची माहिती तपासणं, माणसाची ओळख राखून, हे सरकारचं रास्त काम ठरू शकतं. हवेतून पसरणाऱ्या, औषधानं बऱ्या होणाऱ्या आजाराची नोंदच रद्द करा, असं कुठलं न्यायालय म्हणेल असं मला वाटत नाही. म्हणूही नये.

सरकारी यादीत नाव असणं वेगळं आणि किराणा दुकानात नाव फुटणं वेगळं. पहिल्याविरुद्ध लढाल तर हराल. दुसऱ्याविरुद्ध तुमची बाजू भक्कम आहे.

खरी उणीव दुसरीकडे आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एचआयव्हीच्या रुग्णांसाठी २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याचा आजार उघड करायला बंदी आहे, मोजके अपवाद सोडून. माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे, दाद मागायला राज्यात लोकपाल नेमायची तरतूद आहे, आणि खटल्यात नाव झाकून ठेवायचीही. टीबीच्या रुग्णासाठी असं काही नाही. त्याला कळवण्याची सक्ती आहे, कळवलेलं गुप्त ठेवण्याची तेवढीच ठोस, तेवढीच दंडाची सक्ती नाही. नोंद न करणाऱ्या डॉक्टरला कलमाचा धाक, आणि नोंद चव्हाट्यावर नेणाऱ्या कर्मचाऱ्याला फार तर साहेबाची बोलणी. या असमतोलाविरुद्ध कुणी न्यायालयात गेलं तर मी त्याच्या बाजूनं लिहीन.

न्यायालयात काय मागायचं, यावर बरंच काही ठरतं. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. १९८९ मध्ये गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तदानानंतर एचआयव्ही असल्याचं निघालं. त्याला धड काही न सांगता पोलिसांनी उचललं आणि बंद पडलेल्या टीबीच्या दवाखान्यात ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याची आई ल्यूसी हिनं मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे त्या तरतुदीलाच आव्हान दिलं. मुलगा बाहेर आला, पण तरतूद न्यायालयानं कायम ठेवली: एका माणसाचा हक्क आणि समाजाचं हित यांत टक्कर झाली तर समाजाचं हित वर. आज तो निकाल वाचताना अंगावर काटा येतो. पण साथीच्या भीतीच्या काळात न्यायालयं सरकारचं धोरण सहसा उलथवत नाहीत, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. डॉमिनिक पुढे एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढून गेला. १९९२ मध्ये त्याचं निधन झालं.

याउलट पाटण्याच्या एका मुलीचं प्रकरण. तिला औषधांना दाद न देणारा टीबी होता आणि बेडाक्विलिन हे नवं औषध हवं होतं. दिल्लीच्या सरकारी रुग्णालयानं दिलं नाही. एक कारण असं की ती दिल्लीची रहिवासी नाही. तिचे वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले. सरकारचं सगळं टीबी धोरण रद्द करा असं त्यांनी मागितलं नाही, माझ्या मुलीला हे औषध द्या एवढंच मागितलं. जानेवारी २०१७ मध्ये सरकारला ते मान्य करावं लागलं, आणि रहिवासाची ती अट देशभर चर्चेत आली.

कोविडमधलंही आठवत असेल. घरावर चिकटवलेल्या पाट्यांविरुद्ध याचिका झाली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली अधिकार असलेल्या अधिकाऱ्यानं तसा आदेश दिल्याशिवाय अशा पाट्या लावायच्या नाहीत. मुद्दा पाटीपुरता होता, म्हणून निकालही हाती लागला. मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच प्रवेश, या आदेशांवर फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बोट ठेवलं ते आदेश देण्याच्या पद्धतीवर. राज्यानं आदेश मागे घेतले, आणि लगेच नव्या आदेशात जवळपास तीच अट पुन्हा घातली. पद्धत चुकली म्हणून जिंकलेली केस अशीच असते. सरकार पद्धत सुधारून परत येतं. त्याच वर्षी २ मे रोजी जेकब पुलियेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कुणालाही बळजबरीनं लस देता येणार नाही असं म्हटलं, आणि त्याच निकालात लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असंही म्हटलं. दोन्ही बाजूंनी पेढे वाटले.

म्हणजे मागणी नेमकी आणि छोटी असेल तर दार उघडण्याची शक्यता जास्त. ‘नोंदणी रद्द करा’ ही मागणी नको. ‘घरभेटीची लेखी पद्धत ठरवा, तिऱ्हाइताला आजाराचं नाव सांगायला मनाई करा, भंग झाला तर कुणावर काय कारवाई ते लिहा’ ही मागणी करता येईल. आणि हे जनहित याचिकेचं प्रकरण नाही. तुमच्या घरचं गाऱ्हाणं आहे, त्याला घटनेच्या कलम २२६ खाली साधी रिट याचिका असते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली जिल्हा त्याच्याकडे येतो, त्यामुळे मुंबईच्या खेपाही वाचतील.

फक्त ही याचिका तुमची नाही. तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. त्यात डॉक्टर बोलतात, भाचा बोलतो, मुलाकडचे मध्यस्थ बोलतात, किराणावाला बोलतो. मुलगी कुठेच बोलत नाही. ती २६ वर्षांची आहे, कमावती आहे. आजार तिचा, गुपित तिचं, त्या गुपिताचं न्यायालयात काय करायचं हेही तिनंच ठरवायचं. ल्यूसी डिसोझांनी मुलासाठी याचिका केली कारण मुलगा कोंडलेला होता. तुमची मुलगी रोज ऑफिसला जाते. तिला विचारलंत का?

आणि एक सांगायचं टाळत होते, पण सांगते. पत्रासोबत तुम्ही तिच्या तपासणीच्या रिपोर्टाची झेरॉक्स पाठवलीत. तिचं नाव, वय, मोबाइल नंबर, सगळं त्यावर होतं. मला त्याची गरज नव्हती. मी ती फाडून टाकली आहे. भाच्याकडे तोच रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, असंही तुम्ही लिहिलंय. त्यानं पुढे आपल्या सीनियरला पाठवलाय. मध्यस्थांना ‘काही विशेष नाही, थोडा छातीचा त्रास होता’ हे कुणी सांगितलं, तेही तुमच्याच पत्रात आहे. त्या कर्मचाऱ्यानं दुकानात केलं ते मोठ्यानं, चारचौघांत आणि परक्यानं केलं, म्हणून ते जास्त लागलं. घरातल्यांनी मायेनं केलं. पण कागद किती हातांतून गेला हे मोजायला बसलात तर सरकारी हात त्यात एखाददुसराच निघेल. लग्न नेमकं दुकानातल्या बोलण्यानंच मोडलं, हे सिद्ध करणंही म्हणूनच अवघड जाईल. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल.

मुलीची तयारी असेल, तर तिचं नाव उघड न होता लढता येतं. एचआयव्हीमुळे कामावरून काढलेल्या एका मजुरानं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायालयानं त्याला खोट्या आद्याक्षरांखाली लढू दिलं, आणि १९९७ चा तो निकाल आजही ‘एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.’ याच नावानं ओळखला जातो. तो जिंकला. मात्र नाव झाकण्याची विनंती अगदी पहिल्या दिवशी, याचिकेबरोबरच करायला हवी. आजकाल तारखांच्या याद्या आणि आदेश मोबाइलवर दिसतात. एकदा पूर्ण नाव तिथे चढलं की मागाहून पुसायला दमछाक होते. खासगीपणासाठी लढताना नाव गावभर व्हायचं, एवढं तरी टाळा.

कोर्टाच्या आधीची पायरी स्वस्त आहे आणि बऱ्याचदा तेवढीच पुरते. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना मुलीच्या सहीचं एक पत्र लिहा. त्यात विशेषणं नकोत. तारीख, वेळ, दुकान, कर्मचाऱ्याचे शब्द आठवतील तसे, कुणी ऐकलं. मग मागण्या: यापुढे संपर्क फक्त या मोबाइल नंबरवर, घरी यायचं असेल तर आधी फोन, तिऱ्हाइताला आजाराचं नाव सांगायचं नाही, ‘टीबीमुक्त’ लिहिलेली गाडी दारात उभी करायची नाही, घरभेटीबाबत कर्मचाऱ्यांना काय लेखी सूचना आहेत त्यांची प्रत द्यावी. ही प्रत माहिती अधिकारातही मागता येते. सूचना नसतील तर ‘अशा सूचना नाहीत’ हे लेखी उत्तर पुढे याचिकेत सोन्यासारखं उपयोगी पडेल. पोच घ्यायला विसरू नका. लिफाफ्यावर आजाराचं नाव नको, हे सांगायला नको, पण सांगते. एका वाचकानं नोंदणीकृत टपालाच्या विषयातच सगळं लिहिलं होतं.

त्या कर्मचाऱ्याला निलंबित करा ही मागणी मी तरी घालणार नाही. हे लोक पुष्कळदा कंत्राटी असतात, अर्धवट पत्ते घेऊन गावोगाव फिरतात. त्याला बडतर्फ केलं तर त्याच्या जागी येणारा दुसरा माणूसही त्याच दुकानात तोच प्रश्न विचारील, कारण पद्धत तीच राहील.

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर मुलीनं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. भाच्याला वाईट वाटेल. वाटू दे.

पोर्टलवरून नाव काढण्याचा विचार सोडा, निदान उपचार पूर्ण होईपर्यंत तरी. नाव काढून हाती काही येणार नाही. पैसे, पाठपुरावा, पुढे गरज पडली तर वरच्या तपासण्या, सगळं त्या नोंदीला बांधलेलं आहे. त्याऐवजी नोंद दुरुस्त करा. ती पुण्यात राहते तर नोंद पुण्याला वर्ग करता येते, पत्ता आणि नंबर बदलता येतो. टीबीसाठीची सरकारी हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे, अडलं तर तिथे विचारा. ‘निक्षय मित्र’ योजनेत पोषणाची टोपली देताना फोटो काढतात आणि तो कधीकधी स्थानिक पेपरात झळकतो. या मदतीसाठी रुग्णाची संमती लागते. तिला टोपली हवी असेल तर घ्यावी आणि फोटोला सरळ नाही म्हणावं.

उपचाराचे सगळे कागद तिनं स्वतःच्या ताब्यात ठेवावेत. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यावीत, असं त्याच २००२ च्या नियमांत आहे. उपचार पूर्ण झाल्याचा कागद आठवणीनं घ्या; पुढे कुणी शंका काढली तर तोंडी सांगण्यापेक्षा तो जास्त बोलतो.

हे पत्र आम्ही मुद्दाम छापतोय, कारण असली पत्रं वेगवेगळ्या आजारांची येतात. मानसिक उपचार घेणाऱ्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नं गोपनीयतेचा हक्क दिलाय, तो सरकारी दवाखान्यातही लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपाताबाबत, मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करावं लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं आहे. ‘आभा’ क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) नसेल तर केसपेपरच काढत नाही, असं खिडकीवर कुणी म्हणालं तर तो ऐच्छिक आहे हे शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा केसपेपर निघतो.

राहता राहिलं लग्न. इथे कायदा थोडा मागे ठेवते, कारण कायद्यानंच इथे एकदा ठेच खाल्ली आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका माणसाचं प्रकरण आलं. हॉस्पिटलमधून त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट बाहेर गेला आणि त्याचं लग्न मोडलं. न्यायालयानं हॉस्पिटलला दोष दिला नाही. होणाऱ्या बायकोचा जीव महत्त्वाचा, असं म्हटलं. तिथवर ठीक. पण पुढे जाऊन अशा माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित समजावा, असंही म्हणून ठेवलं. २००२ मध्ये न्यायालयाला ते भाष्य अनावश्यक ठरवून मागे घ्यावं लागलं. टीबीचं तसं नाही. नीट औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सहसा संसर्ग थांबतो, औषधांना दाद देणारा टीबी सहा महिन्यांत बरा होतो, आणि हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत टीबी नाही. बरी झालेली मुलगी कुणाची देणेकरी नाही. आठ वर्षांपूर्वी झालेल्या टायफॉइडबद्दल आपण बायोडेटात लिहितो का?

पण उपचार चालू असताना लग्न ठरत असेल, तर सांगावं, असं माझं मत. त्याचं कारण नैतिकतेपेक्षा व्यवहाराचं आहे. टीबीवरच्या रिफॅम्पिसिन या औषधानं लघवी नारिंगी होते, ते नव्या घरात लपत नाही. त्याच औषधानं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, आणि ते नवऱ्याला माहीत नसेल तर त्रास मुलीलाच. रोज ठरलेल्या वेळी गोळ्या लपून घेणं म्हणजे एक दिवस चुकणं, मग दोन. शक्य असेल तर लग्नाचं बोलणंच आणखी दोन महिन्यांनी काढा, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

आणि सांगायचं ते मध्यस्थांमार्फत नको. काका-मामांच्या फोनवर टीबीचा कॅन्सर व्हायला वेळ लागत नाही. मुलीनं मुलाला समोरासमोर सांगावं, वाटलं तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं आणि त्यानं हवे ते प्रश्न तिथे विचारावेत. तुम्ही त्या वेळी बाहेर बसा. मोडलेल्या स्थळाला आता काही समजावायला जाऊ नका. पत्रिका जुळत नाही म्हणणाऱ्यांना रिपोर्ट दाखवून उपयोग नसतो.

आज संध्याकाळी पुण्याला फोन कराल तेव्हा याचिकेचा विषय शेवटी काढा. आधी तिला विचारा, भाच्याच्या आणि त्याच्या सीनियरच्या मोबाइलमधून तो रिपोर्ट काढून टाकायला सांगू का. ती काय म्हणते त्यावरून पुढचं बरंचसं तुम्हाला कळेल.